नेहमीचा रस्ता किती, नवा रस्ता किती?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण कोथरूडला राहता आणि गेली दोन वर्षे दर रविवारी पहाटे निघून खडकवासल्यावरून पानशेतपर्यंत जाऊन येता. येऊन-जाऊन ऐंशीच्या आसपास किलोमीटर होतात. आता त्या रस्त्याचा कंटाळा आला आहे. मागे एकदा मोबाइलवरचा नकाशा पाहून आपण मुळशीकडचा एक नवा रस्ता धरला. तो मध्येच संपला, पाणीही संपले आणि घरी पोहोचायला दुपारचे तीन वाजले. तेव्हापासून नव्या रस्त्याला मन धजत नाही आणि जुन्याकडे पाय वळत नाहीत. या दोहोंचे प्रमाण किती ठेवावे, असे आपण विचारले आहे.

प्रमाणाविषयी पुढे लिहितो, पण माझ्या मते आपली अडचण प्रमाणाची नाही. त्या दिवशी आपला सगळाच रस्ता नवा होता, घराच्या फाटकापासून शेवटच्या खडीपर्यंत, आणि चूक तेथेच झाली. पुण्याच्या चारही अंगांना सायकल चालवण्यात माझी वीसेक वर्षे गेली आहेत. या वर्षांत जे नवे रस्ते मला लाभले, त्यांतले जवळजवळ सगळे कोणत्या ना कोणत्या जुन्या रस्त्याच्या पोटातून निघालेले होते. जे अंगाशी आले, ते बहुतेक सगळे नकाशावर बोट ठेवून एकदम नव्याने काढलेले होते. म्हणून माझा सल्ला एवढाच आहे की, पानशेतचा रस्ता सोडू नये. त्याला फांदी काढावी.

ती कशी काढावी हे सांगण्याआधी जुन्या रस्त्याची बाजू थोडी मांडतो, कारण कंटाळा आला की त्याची किंमत दिसेनाशी होते. नेहमीचा रस्ता हे सायकलस्वाराच्या हातातले सर्वांत खात्रीचे मोजमाप आहे. सिंहगडाचा घाट घ्या. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर आणि सहाशे मीटरच्या आसपास चढ, म्हणजे सरासरी सहा-सात टक्के. हा चढ गेली कित्येक वर्षे मी महिन्यातून एकदा तरी चढतो आणि वेळ वहीत लिहून ठेवतो. एका वर्षी तापातून उठल्यावर मला अगदी ठणठणीत वाटत होते, भूक लागत होती, झोप येत होती. घाटाने मात्र नेहमीपेक्षा सात मिनिटे जास्त मागितली आणि ज्या वळणावर मी एरवी बसून चढतो तेथे मला उभे राहावे लागले. पुढचे तीन आठवडे मी सपाट रस्त्यावरच राहिलो. हेच मला नव्या घाटावर कळले नसते, कारण तेथे चढ जड आहे की अंग जड आहे, हे वेगळे करून सांगणारे काहीच हाताशी नसते.

सायकलीच्या तब्येतीचेही तसेच आहे. ओळखीच्या रस्त्यावर कान मोकळे असतात. डोणज्याच्या अलीकडचा खडबडीत तुकडा सायकलीखालून कसा वाजतो हे कानांना पाठ झालेले असते, त्यामुळे पेडलच्या प्रत्येक फेरीला येणारी बारीक करकर लगेच वेगळी ऐकू येते आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस जेथे फिरतो तो भाग) उघडून पाहायची वेळ झाली आहे हे समजते. नवे सीट, नवे बूट, नवे टायर, इतकेच काय, वाटेत खायचा नवा पदार्थसुद्धा आधी जुन्या रस्त्यावर तपासावा. नवा रस्ता आणि नवे सामान एकाच दिवशी कधीही जुळवू नये. एकदा बुटांना नव्या क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणाऱ्या पट्ट्या) लावून मी वेल्ह्याकडे गेलो आणि परतीचे साठ किलोमीटर डावा गुडघा धरून आलो. क्लीट दोन-तीन मिलिमीटर आत बसल्या होत्या, यापलीकडे कारण काही नव्हते.

मात्र नेहमीचा रस्ता सुरक्षित असतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. तो आपल्याला पाठ असतो, पण आपल्याला न विचारता बदलत असतो. माझी आजवरची सर्वांत मोठी पडझड एखाद्या अनोळखी घाटात झालेली नाही. खडकवासल्याच्या अलीकडे, ज्या रस्त्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन तेथेच, पहाटे साडेपाचला, आदल्या आठवड्यात झालेल्या आणि पट्टे न मारलेल्या गतिरोधकावर मी पडलो. दिवा होता, वेगही फार नव्हता. नजर मात्र रस्त्यावर नव्हती, कारण तेथे पाहण्यासारखे काही नाही हे मी गृहीत धरले होते. कॉलरबोन मोडले आणि दोन महिने घरी बसावे लागले. कंटाळा आलेला सायकलस्वार हा असा असतो. त्यामुळे आपल्याला आलेल्या कंटाळ्याकडे मी केवळ हौसेची गोष्ट म्हणून पाहत नाही. लक्ष उडू लागल्याची ती खूण आहे आणि नव्या रस्त्याची गरज त्यासाठीही असते.

आता फांद्यांविषयी. आपण ज्या रस्त्याला कंटाळला आहात त्याच्यासारखा फांद्यांनी भरलेला रस्ता पुण्याभोवती क्वचितच असेल. डोणज्याला डावीकडे सिंहगड आहे, तो आपण केलेलाच असेल. त्याच्या पुढे खानापूरला डावीकडे जो फाटा लागतो तो पाबे घाटातून वेल्ह्याला उतरतो. शेवटी पानशेत आणि वरसगाव ही जोडधरणे येतात, एक आंबी नदीवर, दुसरे मोसे नदीवर, आणि दोन्ही जलाशयांच्या काठांनी रस्ते आत जातात. खडकवासल्याच्या उत्तर बाजूचा, कुडजे, अगळंबे, मांडवी, सांगरुण या गावांतून जाणारा रस्ता तर आपण दर रविवारी पाण्यापलीकडे पाहत असता. दोन वर्षांत यांतला किती भाग आपल्या चाकाखालून गेला आहे, हे एकदा नकाशावर रंगवून पाहावे. मी कागदी नकाशावर पेन्सिलने रंगवतो. हल्ली ॲपमध्येही ते आपोआप दिसते, पण पेन्सिलीत मजा जास्त आहे.

फांदी एका दमात पुरी करायची नाही, ती तीन-चार खेपांत वाढवायची. पाबे घाटाचेच उदाहरण सांगतो. पहिल्या रविवारी नेहमीप्रमाणे निघावे, खानापूरला डावीकडे वळावे, घाटमाथा गाठावा आणि त्याच वाटेने परत यावे. काही वळणांवर चढ दहा टक्क्यांच्या पुढे जातो, त्यामुळे मागच्या चाकाला मोठी कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) नसेल तर थोडे पायी चालावे लागेल. त्यात कमीपणा नाही. माथ्यावर पोहोचले की समोर तोरणा आणि राजगड दोन्ही दिसतात. एवढ्या दृश्यासाठी माणसे तेथे गाडीने येतात. पुढच्या खेपेला पलीकडे वेल्ह्यापर्यंत उतरावे आणि तोच घाट वेल्ह्याकडून चढून यावे, म्हणजे घाटाची दुसरी बाजू कळते. तिसऱ्या खेपेला वेल्ह्यावरून विंझर, मार्गासनी, नसरापूर असे महामार्गाला लागून खेड शिवापूर आणि कात्रजच्या जुन्या घाटाने घरी यावे. हे वर्तुळ शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. त्यात त्या दिवशी खऱ्या अर्थाने नवा असलेला तुकडा वेल्हे ते नसरापूर, म्हणजे जेमतेम तिसाच्या आतला असतो. बाकीचा सगळा रस्ता कोठे पाणी मिळते, कोठे कुत्री अंगावर येतात आणि कोठे चहाचे दुकान साडेसहाला उघडते, यासह माहितीचा असतो. पुढल्या वर्षी हेच सगळे वर्तुळ आपल्या लेखी जुने होते आणि वेल्ह्यापासून नवी फांदी काढता येते. माझा पल्ला असाच वाढत गेला. एकदम भोर-महाडचे स्वप्न पाहून वाढला नाही.

येथे एक नियम सांगून ठेवतो, जो मी सहसा मोडत नाही (वर सांगितलेली पाबे घाटाची वेल्ह्याकडची बाजू हा अपवाद): अनोळखी घाट आधी चढावा, मग उतरावा. चढताना वेग आठ-दहा किलोमीटरचा असतो, त्यामुळे कोणत्या वळणावर खडी सुटली आहे, कोठे साकव अरुंद आहे, कोठे झाडीमुळे समोरून येणारी जीप दिसत नाही, हे सगळे डोळ्यांत साठते. उतरताना वेग पन्नासला पोहोचतो आणि तेव्हा पाहायला सवड नसते. वर्तुळ आखताना दिशा ठरवायची ती यावरून. बोपदेव घाटाने चढून सासवडला जावे आणि दिवे घाटाने उतरावे की उलट करावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण वाऱ्यावरून देतात. मी म्हणतो, ज्या घाटाची आपल्याला ओळख कमी तो चढायला घ्यावा. (दिवे घाटातली अवजड वाहने आणि रुंदीकरणाच्या कामाची त्या वेळची स्थिती पाहता तेथे उतरायचेच असेल तर फार सकाळी उतरावे, हे वेगळे. आणि ज्या दिवशी माउलींची पालखी घाट चढते त्या दिवशी सायकल घरी ठेवून पायी जावे.)

आपला मुळशीकडचा रस्ता जेथे फसला त्या नकाशाच्या बाबीकडे आता येतो. मोबाइलवरच्या नकाशात रस्त्याची रेघ दिसते, रस्त्याची जात दिसत नाही. बांधकाम खात्याच्या भाषेत रस्त्यांची उतरंड असते: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. सायकलीला सर्वांत सुखाचे रस्ते या उतरंडीच्या मधल्या पायऱ्यांवर असतात. राज्य महामार्गावर रहदारी असते, ग्रामीण मार्गावर शाश्वती नसते. प्रमुख जिल्हा मार्गावर मात्र डांबर बहुधा असते आणि ट्रक बहुधा नसतात. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचे डोके पाहूनही जात कळते: पिवळे डोके राष्ट्रीय महामार्गाचे, हिरवे राज्य महामार्गाचे, काळे किंवा निळे जिल्हा मार्गाचे, नारिंगी ग्रामीण रस्त्याचे.

याहून उपयोगी असते ती रस्त्याच्या तोंडाशी उभी असलेली पाटी, जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, पुढे मुख्यमंत्री ग्रामसडक योजनाही आली, आणि या योजनांतल्या रस्त्यांवर पाटी असते. तिच्यावर रस्ता कोठून कोठे जातो, त्याची लांबी किती, काम कधी पूर्ण झाले, हे लिहिलेले असते. प्रधानमंत्री योजनेत काम झाल्यावर पाच वर्षे देखभाल ठेकेदाराकडे असते. पाटीवरची तारीख या पाच वर्षांच्या आत असेल तर मी निःशंक आत शिरतो. आठ-दहा वर्षांपूर्वीची असेल तर टायरमधली हवा थोडी कमी करूनच शिरतो. आणि लांबीचा आकडा तर सोन्यासारखा असतो. पाटीवर ४.२०० किलोमीटर लिहिले असेल आणि आपल्याला पलीकडच्या गावाला नऊ किलोमीटरवर पोहोचायचे असेल, तर उरलेल्या पावणेपाच किलोमीटरवर काय असेल याचा विचार तेथेच, पाटीखाली उभे राहून करावा. आपण मुळशीत शिरलात तेथे अशी पाटी होती का, हे कधी जाऊन पाहिलेत तर मला कुतूहल आहे.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात रस्ते मध्येच संपतात, यामागे कारणही आहे. धरणांच्या पाण्याने जुन्या वाटा तोडल्या आहेत. खोऱ्यातली पूर्वीची सरळ वाट जलाशयाखाली गेली आणि काठावरची गावे आपापल्या बाजूच्या रस्त्याने बाहेरच्या जगाशी जोडली गेली, एकमेकांशी जोडली गेलीच असे नाही. त्यामुळे नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन वाड्यांमध्ये प्रत्यक्षात पाणी असते, किंवा बैलगाडीची जुनी वाट असते, जिला उपग्रहाच्या चित्रात रस्त्याचे रूप येते. जलाशयाच्या काठाचा रस्ता धरायचा असेल तर तो पलीकडे निघतो असे कधीही गृहीत धरू नये. जाऊन त्याच वाटेने परत यायचा बेत करावा आणि निघालाच तर लाभ समजावा.

नकाशानंतर माणसे. गावात रस्ता विचारण्याचीही एक पद्धत आहे, आणि ती शिकायला मला बरीच वर्षे लागली. ‘पुढे रस्ता आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हाय की!’ असेच येते. ते खोटे नसते; सांगणाऱ्याच्या दृष्टीने जेथून मोटरसायकल जाते तो रस्ताच असतो, आणि मोटरसायकल कोठूनही जाते. ‘किती लांब आहे?’ याला ‘हे काय, जवळच’ असे उत्तर मिळते, तेही मोटरसायकलच्या हिशेबाने. मी आता एकच प्रश्न विचारतो: ‘पुढच्या गावाला एसटी जाते का?’ एसटी जात असेल तर डांबर आहे, पूल आहे, वळण्याइतकी रुंदी आहे आणि गाव नांदते आहे. ‘एसटी मुक्कामी असते,’ असे कोणी सांगितले तर आणखी उत्तम. ‘एसटी आधी यायची, आता येत नाही,’ असे उत्तर आले तर रस्ता खराब झाला आहे असे धरून चालावे. आणि विचारावे ते शक्यतो दोघांना, वेगवेगळ्या ठिकाणी.

आपली फजिती मला परकी वाटली नाही, कारण मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला मीही एकदा असाच सापडलो होतो. ऑक्टोबर महिना, बरोबर एक मित्र, दोघांकडे मिळून तीन बाटल्या पाणी. काँक्रीटचा सुंदर रस्ता एका वाडीत संपला, पुढे खडी, मग दगड, मग नुसती पायवाट. प्रत्येक वळणावर वाटायचे की एवढे पार केले की डांबर लागेल. असे करत आम्ही सहा किलोमीटर सायकली ढकलल्या. क्लीट दगडांवर घासून निकामी झाल्या. शेवटी एका झापाशी धनगराच्या म्हातारीने तांब्याभर पाणी दिले आणि सायकलीकडे पाहून विचारले, ‘हिला इंजन न्हाई व्हय? मग आणलीच कशाला इथवर?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी रस्त्याची माहिती नव्हती, हे खरे. पण पहिल्या दगडाशीच मागे फिरलो असतो तर अर्ध्या तासाचे नुकसान होते. मागे फिरायला आम्हाला पहिली दोन वळणे गेल्यावरच जड जाऊ लागले, कारण जितके ढकलत जावे तितके ते श्रम वाया घालवणे जिवावर येते.

तेव्हापासून मी परतीची वेळ घरीच ठरवतो आणि हँडलला चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर लिहितो. त्या वेळेला मी जेथे असेन तेथून फिरतो, पुढच्या वळणापलीकडे काहीही असो. दुसरी खूण पाण्याची: एकूण पाणी निम्मे झाले आणि पुढे हापसा किंवा दुकान कोठे आहे हे ठाऊक नसेल तर फिरायचे. वेळेचा हिशेबही वेगळा करावा लागतो. ओळखीच्या रस्त्यावर आपला सरासरी वेग ताशी बावीस किलोमीटर असेल तर अनोळखी तुकड्यासाठी पंधरा धरावा आणि त्यात घाट असेल तर बारा. हा आकडा फार सावध वाटेल, पण बीआरएम या लांब पल्ल्याच्या राइडचे उदाहरण पाहा: त्यांत २०० किलोमीटर पूर्ण करायला १३ तास ३० मिनिटे आणि ३०० किलोमीटरला २० तास मिळतात, म्हणजे ताशी पंधराच्या आसपासच. हे आकडे अनुभवातून आले आहेत. पंक्चर, जेवण, वाट चुकणे, झाडाखाली पाच मिनिटे बसणे हे सगळे त्यात धरलेले आहे. (आखून दिलेल्या मार्गावर, ठरावीक तपासणी नाक्यांसह नवे रस्ते पाहायचे असतील तर २०० किलोमीटरची बीआरएम हा उत्तम मार्ग आहे, पण आपल्या ऐंशी किलोमीटरवरून तेथे जाण्याआधी दीडशेची एक-दोन वर्तुळे व्हावीत.)

सामानाविषयी लांबण लावत नाही. दोन ट्यूब, पॅच, पंप, चेन तोडण्याचे अवजार, रोख पैसे, आणि घरी कोणाला तरी सांगून ठेवलेली वेळ. खोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ‘लाइव्ह लोकेशन पाठवले आहे’ या भरवशावर राहू नये. ‘एक वाजेपर्यंत फोन आला नाही तर अमुक रस्त्याने शोधायला या’ असे सांगून निघावे. नव्या रस्त्याला बरोबर दोघे-तिघेच असावेत. दहा-बारांचा गट जुन्या रस्त्यावर शोभतो; नव्यावर प्रत्येक फाट्याला त्याची सभा भरते.

ऋतूचा विचार मात्र सविस्तर करायला हवा, कारण मी प्रमाण ठरवतो ते आठवड्यांवरून नव्हे, ऋतूंवरून. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडचे नवे रस्ते मी वर्ज्य मानतो. याला दरडी आणि धुके ही कारणे आहेतच, पण आणखी एक आहे जे शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. जुलैत मावळ-मुळशीत भाताची चिखलणी चालू असते. लोखंडी केजव्हील लावलेला ट्रॅक्टर एका खाचरातून दुसऱ्यात जाताना डांबर उकरतो आणि चिकणमातीचा थर मागे सोडतो. वरून पाऊस पडला की त्या थराचा साबण होतो. ओळखीच्या रस्त्यावर अशी खाचरे कोठे आहेत हे ठाऊक असते, तेथे आपण आधीच वेग कमी करतो. नव्या रस्त्यावर ते वळणानंतर कळते. पावसाळ्यात हौस भागवायचीच असेल तर पूर्वेकडे, पुरंदर-दौंडच्या पर्जन्यछायेत जावे. तेथे पाऊस कमी आणि रस्ते उघडे असतात.

पूर्वेची वेळ संपते ती दिवाळीच्या आगेमागे. गळीत हंगाम सुरू झाला की दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर पसरतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर आपला सगळा रस्ता खातो. शिवाय पावसाळा संपल्यावर साइडपट्टीला सराटे वाळलेले असतात. ट्रॉलीला वाट द्यायला साइडपट्टीवर उतरले की दोन्ही चाके एकदम जातात. मला एकदा एका टायरमध्ये अकरा काटे मिळाले. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून प्रत्येक काटा काढला नाही, तर नवी ट्यूब शंभर मीटरही जात नाही.

म्हणून नव्या रस्त्यांचा खरा काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि तो पश्चिमेला. दरडींचे दिवस सरलेले, हवा थंड, ओढ्यांना अजून पाणी, भातकापणी झाल्यामुळे शेतांत माणसे. वर्षाचे पन्नास रविवार धरले तर माझे दहा-बारा नवे असतात आणि त्यातले आठ-नऊ याच चार महिन्यांत येतात. मार्चपासून ऊन वाढले की मी पहाटेच्या जुन्या रस्त्यांवर परततो आणि पावसाळाभर तेथेच राहतो. म्हणजे आपण विचारलेले प्रमाण सरासरीने पाच रविवारांत एक नवा असे निघेल, पण हिवाळ्यात ते दोनांत एक आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात जवळजवळ शून्य असते. दर महिन्याला एक नवा रस्ता असा नियम करणारे मित्र माझ्या ओळखीचे आहेत. जुलैत नियम पाळायचा म्हणून ते जेथे जातात तेथे मी जात नाही.

आठ महिने जुन्याच रस्त्यांवर राहायचे म्हणजे पुन्हा कंटाळा, असे आपण म्हणाल. त्यावर माझे दोन उपाय आहेत. पहिला, रस्ता उलटा करणे. वर्तुळाचा मार्ग असेल तर तो उलट दिशेने केला की जवळजवळ नवाच होतो, कारण चढाचे उतार होतात आणि पाठीमागे राहणारे डोंगर समोर येतात. दुसरा, तोच रस्ता मुद्दाम वेगळ्या काळात पाहणे. भोरजवळच्या भाटघर धरणाच्या काठाने मी हिवाळ्यात किती वेळा गेलो असेन. एकदा मेच्या अखेरीस पहाटे गेलो, तर पाणी कुठल्या कुठे मागे हटलेले, तळाशी भेगाळलेली माती, आणि एरवी जलाशयात बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडलेले. त्या वाटेवर माझ्यासाठी एक मीटरही नवा नव्हता, तरी परतताना मी वहीत तो रस्ता नव्यांच्या यादीत लिहिला.

आपल्यासाठी आता काय करावे ते सांगतो. पहिले दोन रविवार पानशेतला नेहमीप्रमाणेच जावे, मात्र परतताना खडकवासल्याच्या उत्तर काठाने यायचा रस्ता नकाशावर पाहून, वाटेत विचारून ठेवावा आणि तिसऱ्या रविवारी तो करावा. घरापासून फार लांब नसल्यामुळे तेथे चुकले तरी तासाभरात ओळखीची जागा सापडते; मोडलेला धीर परत यायला एवढा सराव पुरे होतो. त्यानंतर पाबे घाटाची पहिली खेप घ्यावी. त्या दिवशी खानापूरच्या फाट्यावर सात वाजायच्या आत पोहोचावे, दोन्ही बाटल्या तेथेच भरून घ्याव्यात आणि घाटाच्या पायथ्याशी टायर एकदा हाताने दाबून पाहावेत. परतीची वेळ साडेनऊ लिहावी. माथ्यावर आठ-सव्वाआठलाच पोहोचलात तर समोर वेल्ह्याचा उतार दिसेल आणि उतरण्याचा मोह होईल, हे आधीच सांगून ठेवतो. तो उतार पुढच्या खेपेचा आहे. त्या दिवशी खाली उतरलात तर तोच घाट उन्हात, दमलेल्या पायांनी, पलीकडच्या बाजूने चढून यावा लागेल, आणि ती बाजू आपण अजून पाहिलेली नाही.